विनोदी सिनेमातला खलनायक कसा उभा करावा : झोझे लेवगॉय यांच्या भूमिकांवरून

विनोदी नाटकात किंवा सिनेमात खलनायकाचं काम मिळालं की नटाला पहिला मोह होतो तो आपणही दोन-चार हशे घ्यावेत हा. नेमकी तिथेच भूमिका पडते. खलनायक स्वतःच गंमत करू लागला की विनोदवीर कशाला घाबरून पळतोय हे प्रेक्षकाला कळेनासं होतं. पळण्यामागची भीती गेली की पळणं नुसता व्यायाम राहतो, आणि त्या व्यायामाला कुणी फार वेळ हसत नाही.

हे ज्यांच्या कामातून सगळ्यात स्पष्ट शिकता येतं ते नट म्हणजे ब्राझीलचे झोझे लेवगॉय (१९२०–२००३). ब्राझीलच्या अगदी दक्षिणेच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या वेरानोपोलिस गावी त्यांचा जन्म झाला. अमेरिकेत येल विद्यापीठात ते नाट्यशिक्षण घेऊन आले आणि रिओच्या आतलांतिदा स्टुडिओत खलनायक म्हणून नावारूपाला आले. पुढच्या पन्नास-एक वर्षांत त्यांनी टोळीप्रमुख, हेर, मटकेवाला, राज्यपाल, रबरसम्राट, तुरुंगाधिकारी असं बरंच काही केलं. साधनं मात्र मोजकीच होती. ती एकेक करून उचलता येतात, आणि इथे तेच करायचं आहे.

आधी साचा समजून घ्या

आतलांतिदा हा स्टुडिओ १९४१ साली रिओत सुरू झाला. १९४७ मध्ये चित्रपटगृहांची मोठी साखळी असलेले लुईझ सेवेरियानो रिबेरो ज्युनियर त्याचे मुख्य भागधारक झाले आणि तिथून 'शांशादा' या प्रकाराची भरभराट झाली. शांशादा म्हणजे गाणी, गोंधळ, मारामारी आणि कार्निव्हलचं संगीत यांचा लोकप्रिय विनोदी सिनेमा. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी रांगा लावल्या.

यातले एक प्रमुख दिग्दर्शक कार्लोस मांगा यांनी शांशादाच्या गोष्टीचे चार टप्पे सांगितले आहेत. नायक-नायिका अडचणीत येतात, विनोदवीर त्यांना वाचवायला धडपडतो, मग खलनायकाची सरशी होते, आणि शेवटी ती सरशी हातची जाऊन तो हरतो. तुमचं काम तिसऱ्या टप्प्यात आहे. पहिल्या दोन टप्प्यांत जागा फक्त धरून ठेवायची, आणि चौथ्यात ती पूर्णपणे सोडायची. संहिता हातात आली की तिसरा टप्पा कुठे सुरू होतो त्या पानाला खूण करा. त्या पानाच्या आधी आवाज चढवायचा नाही, कुणाच्या अंगावर धावून जायचं नाही. सगळा दारूगोळा आधीच उडवून टाकला तर सरशीच्या वेळी हातात काहीच उरत नाही. खलनायकाच्या भूमिका सगळ्यात जास्त यामुळेच फसतात.

काय पाहायचं आणि कसं

सुरुवात 'कार्नावाल नो फोगो' (१९४९) पासून करा. दिग्दर्शक वॉटसन मासेदो, नायक-नायिका आन्सेल्मो दुआर्ते आणि एलियाना, विनोदवीर ऑस्कारितो आणि ग्रांदे ओतेलो. लेवगॉय टोळीचा म्होरक्या आहेत. त्याचं टोपणनाव 'आंझो', म्हणजे देवदूत. त्यानंतर मासेदो यांचाच 'आव्हिझो आओस नावेगांतेस' (१९५०), मग मटक्याच्या धंद्यावरचा गंभीर 'आमेइ उम बिशेइरो' (१९५२), आणि मांगांचा 'मातार ओउ कोर्रेर' (१९५४). एवढ्या चारांत पाया पक्का होतो.

प्रत्येक चित्रपट तीनदा पाहायचा. पहिल्यांदा सरळ, मजा घेत. दुसऱ्यांदा फक्त खलनायकाचे प्रसंग, आवाज बंद करून. तिसऱ्यांदा तेच प्रसंग, डोळे मिटून, फक्त आवाज. पोर्तुगीज येत नसेल तर उलट बरंच आहे. अर्थाकडे लक्ष जात नाही, त्यामुळे चढउतार आणि थांबण्याच्या जागा नेमक्या ऐकू येतात. जुन्या प्रतींचा आवाज घासलेला असतो, तेव्हा आवाजाचा पोत त्यावरून ठरवू नका, फक्त गती मोजा.

वहीत प्रत्येक प्रसंगासाठी चारच गोष्टी टिपायच्या: एन्ट्री घेतल्यावर तो कुठे थांबतो, सगळ्यात आधी कुणाकडे पाहतो, हात पहिल्यांदा कधी हलतो, आणि निघताना पाठ कधी फिरवतो. 'चेहऱ्यावर क्रूर भाव' असलं काही लिहू नका. ते पुन्हा करता येत नाही. 'दारात थांबला, तीन मोजेपर्यंत हात खाली' हे करता येतं.

सिगारेटची डबी

'कार्नावाल नो फोगो' कोपाकाबाना पॅलेस हॉटेलात घडतो. टोळीच्या माणसांनी आपला म्होरक्या ओळखायचा तो एका सिगारेटच्या डबीवरून. ती डबी भलत्याच माणसाच्या, म्हणजे नायकाच्या हाती लागते आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. खलनायकाला प्रॉपर्टी, म्हणजे प्रसंगात हाताळायची वस्तू, कशी वापरावी हे शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही, कारण इथे वस्तू हीच सत्ता आहे.

घरी करून पाहा. झाकणाची, बंद होताना टक् आवाज करणारी धातूची चपटी डबी घ्या, तळहातात मावेल एवढी. आत थोडं वजन हवं. रिकामी डबी खेळण्यासारखी हलते आणि कॅमेऱ्यात लगेच उघडी पडते. ती कोटाच्या आतल्या खिशात डाव्या बाजूला ठेवा. समोर कुणाला तरी उभं करा. आता डबी उजव्या हाताने बाहेर काढायची, अंगठ्याने उघडायची, मनात तीन मोजायचे आणि बंद करायची. या सगळ्या वेळात नजर समोरच्या माणसाच्या डोळ्यांवरून हलवायची नाही.

पहिल्या दहा वेळा नजर डबीकडे जाणारच. ती गेली की प्रेक्षकही डबीकडे पाहतो आणि धाक तिथेच संपतो. नजर समोरच्यावर ठेवली तर समोरचा नट डबीकडे पाहतो, प्रेक्षक त्याच्याकडे पाहतो, आणि डबीत काय आहे ही भीती त्या दोघांच्या मधे तयार होते. तुम्ही काहीच केलेलं नसतं. टक् आवाज वाक्याच्या शेवटी यायला हवा. मधेच आला तर शब्द खातो, आणि वाक्य संपून फार वेळाने आला तर हशाची जागा होते. अंगठा चुकून झाकण अडकलं तर घाईने दुसरा हात आणू नका. डबी अर्धी उघडी तशीच धरून ठेवा, वाक्य पुरं करा. आपली वस्तू हातातून निसटतेय अशा घाईतला म्होरक्या कुणालाच म्होरक्या वाटत नाही.

हे रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. मग डबी काढून घ्या आणि रिकाम्या हातांनी तोच प्रसंग करा. हात शांत राहिले पाहिजेत. शांत राहत नसतील तर पुन्हा डबीवर या.

हशा चालू असताना काय करायचं

'कार्नावाल नो फोगो' मधला ऑस्कारितो-ओतेलो यांचा रोमिओ-ज्युलिएटच्या सज्जाचा प्रवेश ब्राझीलमध्ये आजही लोकांच्या लक्षात आहे. ऑस्कारितो रोमिओ, ग्रांदे ओतेलो ज्युलिएट. तो स्वतंत्रपणे पाहिला तरी हसू येतं. पण चित्रपटात तो येतो तेव्हा हॉटेलभर टोळी फिरत असते, आणि त्यामुळे त्या बागडण्याला कडा मिळते. खलनायकाने कमावलेली ही जागा आहे, जरी त्या क्षणी पडद्यावर तो नसला तरी.

विनोदवीराबरोबर एकाच चौकटीत उभं राहताना एक साधा हिशेब ठेवा: त्याने तीन हालचाली केल्या तर तुम्ही एक. त्याचे हात, भुवया, गुडघे चालू असतात. तुम्हीही तेच चालू केलंत तर नजर कुठे ठेवावी हे प्रेक्षकाला कळत नाही. रंगमंचावर हशा पिकला की बरेच नट गोठतात, पुतळ्यासारखे उभे राहतात आणि हशा ओसरण्याची वाट पाहतात. ते दिसतं. गोठायचं नाही. मनातला विचार चालू ठेवायचा: हा समोरचा माणूस मूर्ख आहे की मूर्खपणाचं सोंग करतोय, एवढाच. डोळे जिवंत राहतात. हशा पूर्ण थांबायची वाट पाहू नका. तो अर्ध्यावर आला की खालच्या पट्टीत वाक्य सुरू करा. प्रेक्षक ऐकायला म्हणून आपोआप शांत होतो. वरच्या पट्टीत सुरू केलंत तर तुम्ही हशाशी भांडताय असं दिसतं, आणि त्या भांडणात खलनायक नेहमी हरतो.

कॅमेऱ्यासमोर हशा ऐकू येत नाही, म्हणून तालमीत तो मोजून ठेवावा लागतो. दिग्दर्शकाला विचारा, हशाची जागा कुठे धरली आहे. तिथे दीड-दोन सेकंद मोकळे सोडा. नाहीतर तुमचं पुढचं वाक्य चित्रपटगृहात हशाखाली गाडलं जातं.

सोंगातला माणूस, विडंबनातला माणूस

'आव्हिझो आओस नावेगांतेस' मध्ये ब्युनोस आयर्सहून रिओला निघालेलं जहाज आहे आणि लेवगॉय प्रोफेसर स्कारामूश आहेत: वरवर जादूगार, आतून हेर. अशा दुहेरी भूमिकेत नट बहुतेक वेळा दर वाक्याला दोन्ही माणसं दाखवायला जातो, डोळा मारतो, ओठ वाकडा करतो. त्यापेक्षा हात एका माणसाचे आणि नजर दुसऱ्याची ठेवा. हात जादूगाराचे, मोकळे आणि गोलाकार फिरणारे. नजर हेराची, दारं आणि खिसे मोजणारी. तालमीत आधी फक्त हात बसवा, मग फक्त नजर, आणि शेवटी दोन्ही एकत्र. दोन्ही एकाच दिवशी बसवायला गेलात तर नजर हातांमागे जाते, आणि मग जहाजावर नुसता जादूगार उरतो.

'मातार ओउ कोर्रेर' हे 'हाय नून' या अमेरिकन वेस्टर्नचं विडंबन. त्या चित्रपटाचं ब्राझीलमधलं नाव होतं 'मातार ओउ मोर्रेर', मारा किंवा मरा. मांगांनी एक अक्षर इकडेतिकडे करून केलं मारा किंवा पळा. ऑस्कारितो किड बोल्या, ओतेलो सिस्को कादा, आणि लेवगॉय जेसी गॉर्डन. विडंबनात खलनायकाने मूळ प्रकाराशी शंभर टक्के इमान राखायचं असतं. चाल, टोपी, कमरेचं पिस्तूल, सगळं खऱ्या वेस्टर्नमध्ये शोभेल असं. थट्टा नावात आहे, परिस्थितीत आहे, विनोदवीराच्या थरथरणाऱ्या पायांत आहे. एकाने तरी ती गोष्ट खरी मानायला हवी, आणि ते काम खलनायकाचं.

हरायचं कसं

मारामारीत आणि शेवटच्या पराभवात प्रतिष्ठा वाचवणारा नट चौथा टप्पा खराब करतो. केस विस्कटू नयेत, कोट मळू नये, पडलो तरी रुबाबात पडावं, असं मनात असेल तर ते दिसतं. प्रेक्षकाने तासभर सोसलेली भीती फेडून घ्यायची असते. ती पुरती फेडू द्या.

ती फेडताना अंगाला मात्र काही होऊ द्यायचं नाही. ठोसा मारणारा आणि खाणारा यांच्यात ताणलेल्या हाताएवढं अंतर, वर चार बोटं जास्त. मूठ चेहऱ्याच्या रेषेबाहेरून जाते, कॅमेरा किंवा प्रेक्षक मारणाऱ्याच्या पाठीमागे असतो. खाणाऱ्याने आधी मान वळवायची नाही. मूठ रेषेत आली की वळवायची. आधी वळवली तर ठोसा खोटा ठरतो. पडताना हात मागे टेकवू नका, मनगट मोडतं. गुडघे वाकवून खाली या, मग मांडीची बाहेरची बाजू, कुल्ला, आणि शेवटी पाठीचा वरचा भाग. हनुवटी छातीला लावलेली. सगळं आधी पाव वेगात दहा वेळा, मग अर्ध्या वेगात दहा वेळा, खाली जाड गादी टाकून. पूर्ण वेगाने फक्त दिग्दर्शक सांगेल तेव्हा. थकल्यावर मारामारीची तालीम करायची नाही, शेवटच्या अर्ध्या तासात तर नाहीच.

विनोद काढून घेतला की काय उरतं

१९५०च्या दशकाच्या मध्यावर लेवगॉय युरोपात गेले, फ्रान्समध्ये राहिले, तिथल्या चित्रपटांत कामं केली. परत आल्यावर दिग्दर्शक ग्लाउबर रोशा यांनी त्यांना 'तेरा एम त्रांसे' (१९६७) मध्ये घेतलं. एल्दोरादो नावाचा काल्पनिक देश, पाउलो आउत्रान हुकूमशहा पोर्फिरिओ दियास, झारदेल फिल्यो कवी, आणि लेवगॉय लोकप्रिय राज्यपाल फेलिपे विएरा. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती आणि सेन्सॉरने चित्रपट सुरुवातीला अडवलाही होता.

विएरा खलनायक नाही. तो गर्दीत मिसळतो, आश्वासनं देतो, आणि वेळ आली की लढायला नकार देतो. म्हणूनच ही भूमिका मन लावून पाहा. शांशादात जो ठामपणा धाक निर्माण करायचा, तोच इथे पोकळ करून दाखवला आहे. निवडणुकीच्या गर्दीतला विएरा आणि सत्ता सोडणारा विएरा हे प्रसंग मागे-पुढे लावून पाहा. खांदे कुठे आहेत, समोरच्याशी अंतर किती, नजर माणसावर आहे की माणसाच्या पलीकडे.

यावरून एक सराव: एकच आश्वासन घ्या, 'तुमचं काम होईल.' पहिल्यांदा ते समोरच्याच्या डोळ्यांत पाहून म्हणा. दुसऱ्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवून, पण नजर त्याच्या मागच्या माणसावर. तिसऱ्यांदा पाठ फिरवता फिरवता. शब्द, पट्टी, गती, काही बदलायचं नाही. पहिला प्रामाणिक माणूस, दुसरा राजकारणी, तिसरा विश्वासघातकी, हे प्रेक्षक आपणच ठरवतो. आवाजात 'खोटेपणा' घालण्याची गरज पडली तर समजा की शरीर अजून बसलेलं नाही.

'आमेइ उम बिशेइरो' याच्या शेजारी ठेवण्यासारखा आहे. झोगो दो बिशो हा २५ प्राण्यांच्या नावांवर लावायचा ब्राझीलचा बेकायदा आकडा, आणि लेवगॉय त्या धंद्यातले शेठ. तिथे धमकी हिशेबासारखी येते. गुन्हेगार साकारताना धंदा नीट शिकून घ्या, पैसे कसे मोजतात, चिठ्ठी कुठे ठेवतात. हात कामात असले की चेहऱ्याला अभिनय करावा लागत नाही.

परक्या भाषेत

उतारवयात आंतरराष्ट्रीय चित्रपट आले. वेर्नर हेर्झोग यांच्या 'फित्झकाराल्दो' (१९८२) मध्ये ते रबरसम्राट डॉन आकिलिनो आहेत, माशाला नोटा खाऊ घालणारा माणूस. त्याच चित्रपटात ग्रांदे ओतेलो स्टेशनमास्तर आहेत, हे लक्षात ठेवून पाहिलंत तर शांशादाच्या चाहत्याला भरून येतं. हेर्झोग यांच्याच 'कोब्रा वेर्दे' (१९८७) मध्ये लेवगॉय उसाच्या मळ्यांचे मालक आहेत, आणि एक्तोर बाबेंको यांच्या 'किस ऑफ द स्पायडर वूमन' (१९८५) मध्ये तुरुंगाधिकारी.

नोटा खाणाऱ्या माशाचा प्रसंग डबीच्या सरावाशेजारी लावा. पैसा ही वस्तू इथे फेकली जातेय, आणि फेकणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. नटाने तिथे 'पाहा, मी किती श्रीमंत' असा जोर दिला तर तो नवश्रीमंत होतो. जोर काढून टाकला की समोरच्याच्या पोटात गोळा येतो.

तुरुंगाधिकाऱ्याच्या भूमिकेतून सवलत देणारा खलनायक शिका. तो कैद्याला सुटकेचं आमिष दाखवून कोठडीतल्या साथीदाराची माहिती मागतो. अशी वाक्यं धमकीच्या सुरात म्हटली की सपाट होतात. ती उपकाराच्या सुरात, जरा कंटाळून म्हणायची. परक्या भाषेत काम असेल तर उच्चार घासूनपुसून देशी करण्याच्या मागे लागू नका. प्रत्येक वाक्यातला एक शब्द ठरवा, त्याखाली रेघ मारा, जोर फक्त त्यावर. दोन शब्दांवर जोर गेला की पाठांतर ऐकू येतं.

मालिकेत काम असेल तर

टीव्हीवर लेवगॉय बरीच वर्षं दिसले. ग्लोबो वाहिनीच्या 'फेइजाँव माराविल्या' (१९७९) या मालिकेने तर शांशादाच्या जुन्या मंडळींनाच एकत्र आणलं. ब्राझीलची टेलिनोव्हेला सोमवार ते शनिवार चालते, आणि प्रसारण चालू असतानाच पुढचे भाग लिहिले जातात. लोकांचा कल पाहून लेखक गोष्ट वळवतो. खलनायक लोकांना आवडला तर त्याचं आयुष्य वाढतं, म्हणून पहिल्या पंधरा-वीस भागांत सगळ्या लकबी उधळून टाकू नका. ओरडणं, हसणं, काहीतरी फोडणं, यातलं निदान एक तरी पहिल्या महिन्यात अजिबात वापरायचं नाही.

जाहिरातीआधीच्या शेवटच्या क्षणाला तिथे 'गांशो' म्हणतात, म्हणजे अडकवायचा हुक. क्लोजअपमध्ये चेहरा दोन-तीन सेकंद धरायचा असतो. भुवई उचलून धरू नका, तिसऱ्या सेकंदाला ती थरथरते. ओठ मिटा, श्वास नाकाने अर्धा आत घ्या आणि तिथेच ठेवा. दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत सोडायचा नाही. आरशासमोर हे करू नका, आरशात आपण स्वतःला आवडायला लागतो. फोनवर चित्रीकरण करा, दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज बंद करून पाहा, आणि डोळे आधी मिटले की श्वास आधी सुटला एवढंच तपासा.